माळावरून खाडीकडे : मेंढक्यांच्या वाटेचं नियोजन

हस्ताचा पाऊस उतरतो, काळ्या रानात शाळू पेरून होतो, आणि कळंब, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी या पट्ट्यातल्या धनगर वस्त्यांवर वर्षातला सर्वांत मोठा निर्णय घ्यायची वेळ येते. यंदा कुठं जायचं? कधी निघायचं? कोण कोण बरोबर? हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बारामती, इंदापूर आणि नीरेपलीकडच्या फलटण, माळशिरस भागातले कित्येक वाडे, म्हणजे एकत्र फिरणारी बिऱ्हाडं आणि त्यांचे कळप, वाटेला लागलेले असतील. काही पूर्वेकडे जातील, काही भोर-मुळशीच्या मावळपट्टीत थांबतील, आणि काही सह्याद्री उतरून थेट कोकणात, रायगडच्या भातखाचरांत आणि खाडीकाठच्या खारपट्ट्यात पोचतील. कळंबपासून भोर आणि वरंध घाटामार्गे महाडपर्यंतचं अंतर सुमारे 200 किलोमीटर आहे. मोटारीला दिवसभरही लागत नाही. मेंढरं मात्र चरत चालतात आणि दिवसाला फार तर 10-12 किलोमीटर पुढे सरकतात. शेकडो जनावरं, पाच-सात बिऱ्हाडं, घोड्यांच्या पाठीवरचं घर आणि अंगावरची लेकरं घेऊन करायच्या या प्रवासाचं नियोजन कसं होतं, हे लिहून ठेवावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

कळंबचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते शेजारच्या वालचंदनगरमुळे. इंग्रजांच्या काळात, 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि पुढे 1930 च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इथे साखर कारखाना उभा केला. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला कुसळी गवताचा माळ, अशी या भागाची सरळ विभागणी आहे. पाऊस वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही भरवशाचा म्हणजे परतीचा. घाट उतरून महाडला गेलं की हाच आकडा 3,000 च्या पुढे जातो. मेंढपाळाच्या सगळ्या हालचालीची किल्ली या दोन आकड्यांमध्ये आहे.

पाऊस उशिरा येतो म्हणून इंदापूरचं मुख्य पीक रब्बीचं. आश्विनात पेरलेला शाळू माघ-फाल्गुनापर्यंत रानात उभा असतो. म्हणजे दिवाळीच्या आसपास इथली काळी राने मेंढरांना बंद होतात आणि माळावरचं गवतही वाळून संपत आलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी मावळात आणि कोकणात भाताची कापणी होते, खाचरं मोकळी पडतात, बांधांवर हिरवं शिल्लक असतं आणि ओढ्यांना पाणी असतं. इकडे दार लागतं तेव्हा तिकडे उघडतं. ही संधी दोन पीकपद्धतींच्या वेळापत्रकांतून निर्माण झाली आहे. ती अचूक हेरून कळप तिथे वेळेवर नेणं ही मेंढपाळांची विद्या आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1981 मध्ये धनगरांच्या भौगोलिक विभागणीवर लिहिताना हाच पाया मांडला : मेंढ्या पाळणारे हटकर कमी पावसाच्या पट्ट्यात, म्हशी पाळणारे गवळी धनगर जास्त पावसाच्या डोंगरात. दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. पावसाळी चिखलात तिचे खूर सडतात, पाणथळ गवतातून यकृतात कृमी जातात. म्हणून कोकण तिचं घर होऊ शकत नाही. तिथे जायचं ते कोरड्या महिन्यांत, आणि मृग लागायच्या आत परतायचं.

आता नियोजनाकडे. वाळवंटी किनाऱ्यांवर, नामिबियाच्या स्केलेटन कोस्टसारख्या ठिकाणी, गाडी घेऊन जाणारे प्रवासी आधी इंधन आणि पाण्याचा हिशेब करतात, जादा टायर घेतात, वाळूत चाकांतली हवा कमी करतात, परवाना काढतात. पुढचा पंप किती अंतरावर आहे यावर त्यांचा सगळा आराखडा बसतो. मेंढक्याचा हिशेब याच जातीचा आहे, पण एका बाबतीत तो फार अवघड आहे. वाळवंटातल्या प्रवाशाच्या तळाच्या आड कुणाचं शेत येत नाही. इथे मात्र प्रत्येक रात्रीची जागा कुणाची तरी आहे, आणि ती आधी मिळवावी लागते.

त्यामुळे नियोजनाची सुरुवात ओळखीपासून होते. अमक्या गावात गेल्या वर्षी मेंढरं बसवली होती, तो शेतकरी यंदा बोलावणार का? त्यानं खाचर विकलं तर नाही? शेतात मेंढरं बसवण्याचा व्यवहार जुना आहे. रात्रभर कळप एका जागी बसला की लेंड्या आणि मुताचं खत थेट जमिनीत जातं. गाडीखर्च नाही, पसरायची मजुरी नाही. बदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा पैसे. कोकणात भात किंवा तांदूळ मिळतो, आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखातून आलेल्या बिऱ्हाडांची पुढच्या काही महिन्यांची चूल त्यावर चालते. पूर्वी बोलणी करायला एखादा जाणता पुढे पायी जाई. आता पुष्कळसं काम मोबाइलवर होतं, तरीही एक-दोघं पुढे जाऊन रान डोळ्यांनी बघून येतात. कारण गवत किती उरलंय, शेजारच्या रानात वाल पेरलेत का, विहिरीवर पंप बसवलाय का, हे फोनवर पुरतं कळत नाही.

दुसरा हिशेब माणसांचा. एकट्या कुटुंबानं निघणं शक्य नसतं. राखणीला रात्री जागे गडी लागतात, वाघरी लावायला आणि काढायला हात लागतात. जाळ्याची ही वाघर रोवून तिच्या आत कळप कोंडतात, बाहेर कुत्री बसतात. माळावर लांडग्याची भीती, घाटात आणि आता उसाच्या फडांतही बिबट्याची. वाडा जमतो तो नात्यागोत्यातल्या आणि भरवशाच्या घरांचा, पण फार मोठाही जमवता येत नाही. कळप वाढला की रान पुरत नाही आणि शेतकरीही बिचकतो.

चालण्याची रीत ठरलेली आहे. पुरुष मेंढरं घेऊन रानारानातून, ओढ्याच्या कडेनं चरत जातात. बाया सकाळी बिऱ्हाड मोडतात, घोड्यांवर भांडी, घोंगड्या, पाण्याची भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि लहान मुलं लादतात आणि रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला पोचतात. संध्याकाळी कळप येईपर्यंत चूल पेटलेली असते. या प्रवासातला बाईचा वाटा आपल्याकडे फार कमी मोजला गेला, असं मला ठामपणे वाटतं. कोणती कोकरं दुधावर टिकतील, कोणतं आजारी पडणार, कोणत्या गावात पीठ गिरणीवर दळून मिळेल आणि कोणत्या गावात पाण्यावरून भांडण होईल, ही सगळी माहिती तिच्याजवळ असते. मुक्काम हलवायचा की आणखी एक रात्र काढायची, यात तिचा शब्द चालतो, आणि तो चालायलाच हवा, कारण घर तीच उचलते.

कोकरांचा प्रश्न नियोजनात मध्यभागी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हे वाण तयार केलं. काम मोलाचं आहे, कारण एका वितीला दोन कोकरं म्हणजे उत्पन्नात सरळ वाढ. पण जुळ्यांना पोसायला आईला जादा खुराक लागतो, आणि रोज मुक्काम बदलणाऱ्या कळपाला तो कुठून आणायचा? म्हणून चालता वाडा आणि घरी बांधलेली मेंढी यांची गणितं वेगळी राहतात. रोगांचंही तसंच. पीपीआर, देवी, आंत्रविषार यांच्या लसी वेळेवर टोचायच्या तर कळप नेमका कुठे आहे हे पशुवैद्याला कळलं पाहिजे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि भोरकडे वळणाऱ्या वाड्यांच्या वाटेजवळच आहे. अशा संस्थेनं हंगामात वाटेवरच ठाण मांडलं तर मेंढपाळांचे कितीतरी पैसे आणि जनावरं वाचतील.

घाट हा प्रवासातला सर्वांत जोखमीचा टप्पा. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा, मध्ये ट्रक. कळप एकदा घाटात शिरला की मध्ये थांबायला जागा नाही, म्हणून पायथ्याचा मुक्काम आणि माथ्याचा मुक्काम आधी पक्के करावे लागतात. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, प्रत्येक घाटाचं पाणी, वळणं आणि वर्दळ जाणत्यांच्या डोक्यात असतात. खाली उतरल्यावर हिशेब बदलतो. खाडीकाठच्या कच्च्या वाटा आणि खारबंदिस्तीचे मातीचे बांध चालायला बरे असतात, मोटारींचा त्रास नसतो, पण भोवती दिसणारं पाणी खारट असतं. गोड्या पाण्याची विहीर कुठल्या पाड्यावर आहे, तिथपर्यंत भर उन्हात कळप नेता येईल का, हे ठाऊक नसलेल्यानं त्या बाजूला जाऊच नये.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या ओव्या गोळा केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर 1976 मध्ये ग्रंथ लिहिला. देवस्थानं आणि मेंढपाळांची फिरती यांचं नातं त्यानं दाखवलं. पुढे अॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्यासह बिरोबा आणि धुळोबा यांच्या दीर्घ कथनांचं पुस्तक 2014 मध्ये आणलं. सुंबरान मांडून रात्रभर गायल्या जाणाऱ्या या ओव्यांकडे लोकसाहित्य म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. पण त्यांत रानांची, गावांची, पाणवठ्यांची नावं येतात, आणि ऐकत वाढलेल्या मुलाला ती चालण्याआधीच ओळखीची होतात, हा त्यांचा उपयोगही विसरू नये.

या सगळ्या व्यवस्थेवर आज जो ताण आहे तो अंतराचा नाही. रस्ते सुधारले तसे ते कळपासाठी बंद होत गेले. चौपदरी महामार्ग मेंढरांसह ओलांडायला भुयारी वाट शोधावी लागते. रायगडमध्ये खाचरांचे प्लॉट पडले, भोवती तारा आल्या. घरी कालव्याच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि माळाला कुंपणं आली. बीडकडून ऊसतोड कुटुंबं ज्या दिवसांत इंदापुरात उतरतात त्याच दिवसांत इथली मेंढरं बाहेर पडतात, एवढी या तालुक्याच्या जमिनीची वाटणी एकाच पिकाकडे झुकली आहे. ज्या रानात वाड्याला ‘बसा’ म्हणणारा मालक होता तिथे आता पाटी आहे, आणि पाटीशी बोलणी करता येत नाहीत.

इंदापूर तालुक्याला जमिनीच्या नोंदींचा मोठा इतिहास आहे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची आधीची जमीनमोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये मुंबई इलाख्याची नवी महसुली पद्धत प्रथम इथेच बसवली. शेताला नंबर मिळाला, बांधाला दगड मिळाला, पण मेंढरांच्या वाटेला काहीच मिळालं नाही. स्पेनमध्ये मेंढपाळांच्या मेस्ता या संघाला 1273 मध्ये राजाचं संरक्षण मिळालं, आणि 1995 च्या कायद्यानं तिथल्या सुमारे 1,25,000 किलोमीटर कळपवाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखल्या. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3(1)(घ) मध्ये, फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य झालेला आहे. पण हा हक्क वनजमिनीपुरता आहे, आणि दावा करायचा तर एका गावाच्या ग्रामसभेपुढे. दोन-तीन जिल्हे ओलांडणाऱ्या वाड्यानं कोणत्या ग्रामसभेपुढे उभं राहायचं?

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं आहे. त्या निमित्तानं पुणे, सातारा आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या प्रशासनानं एकत्र बसून एवढं करावं : कळंबपासून खाडीपर्यंतच्या वाटांवर कोणते मुक्काम आजही वापरात आहेत ते वाड्यांना विचारून नकाशावर घ्यावेत, त्यांतले जे गायरानावर आहेत ते मोजून राखावेत, प्रत्येक मुक्कामाजवळ जनावरांना पाणी पिण्याची एक जागा असावी, आणि घाटांच्या पायथ्याशी दिवाळीनंतर आणि पुन्हा वैशाखात लसीकरणाची फिरती पथकं उभी करावीत. ही यादी तयार करताना पुरुषांइतकंच बायांना विचारावं, कारण मुक्कामाची जागा त्यांनी निवडलेली असते.