बर्फ, गुरे आणि बंद कचेरी

वसुबारसेला आपण शहरातली माणसे पितळेच्या गाय-वासराला हळदकुंकू वाहतो आणि एक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात फराळाकडे वळतो. पण ज्याचे सारे घरच गुरांवर उभे, त्याची गुरे दोन दिवसांत मेली तर सरकारने काय करावे? अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याची हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे.

या राज्याच्या पश्चिम भागातल्या काउंटी, म्हणजे तिकडचे लहान जिल्हे, माणसांपेक्षा गुरांनीच अधिक गजबजलेले. २०१३ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखांना, तिथे 'ॲटलस' नावाचे हिमवादळ आले. आधी पावसाने गुरे चिंब भिजली, मग सोसाट्याचा वारा आणि बर्फ! लीड गावी तर चार फुटांहून अधिक बर्फ पडला. गुरे अजून उन्हाळी कुरणांतच होती. हिवाळ्याची दाट लव अंगावर यायची होती. वाऱ्याकडे पाठ करून ती मैलोगणती चालत गेली आणि ओढ्यांत, कुंपणांपाशी मरून पडली. मेलेल्या गुरांचा आकडा दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेला.

वर्षाची वासरे विकून बँकेचे देणे फेडायचे, तो हाच हंगाम. मालक धावले असते शेतीखात्याच्या काउंटी कचेरीकडे. पण तिला कुलूप! वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रकाचे भांडण पेटले होते आणि १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज सोळा दिवस ठप्प होते. त्याहूनही वाईट गोष्ट अशी, की गुरांच्या मृत्यूची भरपाई देणाऱ्या योजनेची मुदत २०११ च्या सप्टेंबरअखेरच संपली होती. कचेरी उघडी असती तरी तिथे मागायचे काय?

तेव्हा जाणत्यांनी सल्ला दिला : पंचनामा आपणच करा. फोटो काढा, डागणी आणि कानातले बिल्ले टिपून ठेवा, शेजाऱ्याची साक्ष घ्या. ज्या गायीला आपण वाढवले तिच्या कलेवराशेजारी उभे राहून वहीत नोंद करायची! मला या साऱ्या कथेत याहून कठीण काम दुसरे दिसत नाही.

ते काम वाया गेले नाही. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी नव्या शेती कायद्यावर सही झाली. योजना कायमची झाली आणि १ ऑक्टोबर २०११ पासूनच्या नुकसानीला लागू झाली. एप्रिलात अर्ज सुरू झाले. नेहमीच्या मरतुकीहून अधिक दगावलेल्या जनावरामागे बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम मिळू लागली. गाभण गायीच्या पोटातले वासरू मात्र हिशेबात नव्हते. त्याची दखल घ्यायला २०२५ चा कायदा यावा लागला.

कोणी म्हणेल, धंदा त्यांचा, मग भुर्दंड करदात्याने का सोसावा? शंका रास्त आहे. म्हणूनच पूर्ण किंमत मिळत नाही. चौथा हिस्सा मालकाच्याच माथी राहतो. पण पिढ्यान्पिढ्या निवडून जोपासलेला कळप मोडला, की तो बाजारातून पुन्हा विकत आणता येत नाही. मदतीचा खरा उपयोग मेलेल्या गुरांचे मोल चुकवण्यात नाही. उरलेला कळप कर्जापायी विकला जाऊ नये, यात आहे. आणि त्यासाठी नियम वादळाच्या आधीच हवा. मागाहून आलेल्या पैशाने कर्ज फिटते. पण मधल्या सहा महिन्यांत सावकाराच्या दारी धीर धरून उभे राहायचे, ते शेतकऱ्यानेच!