कोऱ्या लॅपटॉपसाठी लिहिताना

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातलं हिंगणी. इंजिनिअरिंगला असलेला गावचा एखादा विद्यार्थी सुटीत घरी येतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडतो आणि पायथॉनचं एखादं पॅकेज बसवायला घेतो. कधीकधी पडदा लाल अक्षरांनी भरतो आणि शेवटी सांगतो: मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. त्याला पायथॉन हवं होतं, मग मधेच सी++ कुठून आलं?

पायथॉन शिकायला सोपं, पण मोठ्या आकडेमोडीत संथ. म्हणून नमपायसारख्या पॅकेजांतला कष्टाचा भाग सी भाषेत लिहितात. तो एक्स्टेन्शन. कंपायलर त्यातून प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना तयार करतो, तेव्हाच हा भाग चालतो. बहुतेकदा हे काम पॅकेजच्या कर्त्यांनी आधीच केलेलं असतं आणि आपल्याला 'व्हील' ही तयार फाइल मिळते. आपल्या पायथॉनसाठी व्हील नसलं, की पॅकेजं बसवणारा पिप हा प्रोग्रॅम मूळ कोड उतरवून आपल्याच लॅपटॉपवर बांधू पाहतो.

तिथे हाताला येईल तो कंपायलर चालत नाही. विंडोजवरचं पायथॉन २.७ व्हिज्युअल सी++ २००८ ने बांधलेलं होतं, ३.३ आणि ३.४ हे २०१० ने. प्रत्येकाचं सी रनटाइम वेगळं आणि मेमरीचा हिशेबही वेगळा. एका रनटाइमने दिलेली मेमरी दुसऱ्याने परत घेतली, तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानाच्या वहीत खोडता येत नाही. २०१५ मध्ये पायथॉन ३.५ व्हिज्युअल सी++ २०१५ वर, म्हणजेच संदेशातल्या १४.० वर, आलं आणि हा गुंता बराच सुटला, कारण पुढच्या २०१७, २०१९, २०२२ या आवृत्त्याही त्याच्याशी जुळतात. संदेशातलं 'किंवा त्यापुढची' हे त्यामुळेच. पण पॅकेज कसं बसवायचं हे सांगणारी जुनी टिपणं तशीच फिरत राहतात आणि नवखा माणूस आजही २००८ चा कंपायलर शोधत बसू शकतो. टिपणाच्या माथ्यावर तारीख आणि पायथॉनची आवृत्ती नसेल, तर ते टिपण नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उबुंटूवर हे सोपं जातं: 'बिल्ड-एसेन्शियल' आणि पायथॉनच्या हेडर फाइल देणारं 'पायथॉन३-डेव्ह' ही दोन पॅकेजं बसवली की बहुधा भागतं.

कंपायलर नीट समजावून सांगण्याचं काम मुंबईत मन लावून झालं आहे. 'बिल्ड-एसेन्शियल'मधून येणारा जीसीसी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला मुक्त कंपायलर. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरतर्फे प्रा. उदय खेडकर यांनी त्याच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या आणि त्यांत जीसीसी कसा बांधायचा हेही शिकवलं. कंपायलर कोणत्या यंत्रावर बांधला, कोणत्या यंत्रावर चालणार आणि कोणत्या यंत्रासाठी कोड काढणार, हे तीन प्रश्न त्यात वेगळे करावे लागतात. ३२ बिटचं पायथॉन आणि ६४ बिटचा कंपायलर यांची गल्लत होते, ती हे प्रश्न न विचारल्यामुळेच.

नवख्यांसाठी लिहिण्याच्या बाबतीत आयआयटी मुंबईतलाच प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफितींचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मला फार मोलाचा वाटतो. तिथे पाठाची संहिता रेकॉर्ड होण्याआधी विषयात नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतली जाते. जाणकाराच्या लॅपटॉपवर कंपायलर आधीच असतो, म्हणून लिहिताना एखादी पायरी गळली तरी त्याला ती जाणवत नाही. नवखा नेमका तिथेच अडतो. हे पाठ मराठीतही ऐकता येतात आणि इंटरनेटशिवाय पाहण्यासाठी उतरवून घेता येतात.

विंडोजच्या टिपणात आणखी एक गोष्ट पहिल्याच ओळीत हवी: डाउनलोड किती मोठं आहे. हा कंपायलर देणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड टूल्समध्ये 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++' निवडलं की मामला काही जीबींवर जातो, आणि दिवसाचा डेटा मोजून वापरणाऱ्याला ते आधी कळायला हवं. त्याच इन्स्टॉलरला 'लेआउट' हा पर्याय दिला, की सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये साठतात आणि नंतर नेटशिवाय बसवता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये असं एक फोल्डर करून ठेवलं, तर विद्यार्थ्याला ते पेन ड्राइव्हवर हिंगणीला नेता येईल.