अर्धं जेवण पानात, अर्धं उन्हात

अक्रोडाएवढं अंग आणि दहा-बारा ग्रॅम वजन, एवढंच असतं हर्मान कासवाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू! नाकाच्या टोकाशी एक इवलासा दात असतो. तो खायचा नव्हे बरं का, अंडं फोडायचा. थोड्याच दिवसांत तो गळतो आणि मग जन्मभर दात म्हणून नाहीच. पानं तोडायची ती टणक चोचीनं.

ही कासवं मूळची स्पेन, इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठच्या देशांतली, पण जर्मनीत आणि इंग्लंडमध्येही लोक ती घरी पाळतात. तिथे पिल्लू आणायचं ठरलं, की खाण्याच्याही आधी त्याच्या उन्हाची सोय बघावी लागते. हो, उन्हाची!

असं का? कासवाचं पाठीवरचं कवच म्हणजे त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा. तेच एकमेकांना जुळून रुंद झालेले असतात. म्हणजे एवढ्याशा जिवाला केवढं हाड तयार करायचं असतं! हाडाला कॅल्शियम लागतं आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व. ते तयार होतं कातडीवर ऊन पडलं की. उन्हातले जे अतिनील किरण हे काम करतात, ते मात्र खिडकीची काच अडवते. त्यामुळे काचेआडच्या उन्हात पिल्लू उबदार राहील, पण कवच मऊ पडेल. म्हणून घरात अतिनील किरणांचा खास दिवा लावतात आणि चांगल्या हवेत त्याला बागेत नेतात, वर जाळी घालून. नाहीतर कावळे टपलेलेच असतात.

घर म्हणजे वरून उघडी, ऐसपैस लाकडी पेटी. काचेची पेटी नको, कारण काच ही भिंत आहे हे त्याला उमगत नाही आणि ते ती ढकलतच राहतं. एका टोकाला दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा. कासवाला स्वतःचं अंग आतून तापवता येत नाही, आणि ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्नही पचत नाही. तळाशी ओलसर माती हवी, त्याला पुरतं गाडून घेता येईल इतकी. कवचावर टेंगळं येतात ती जास्त खाण्यानं, असं पूर्वी लोक समजत. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकी कासवांच्या एका अभ्यासात दिसलं, की खरी करामत कोरड्या हवेची!

आता जेवण. अगदी फुकटातलं! डँडेलियनची पानं, क्लोव्हर, आपल्या इसबगोलाची तिकडची रानटी भावंडं. थोडक्यात, बागेतलं तण, फक्त औषध न फवारलेलं. काकडी, टोमॅटो, केळं दिलं तर ते आवडीनं खाईल. पण त्याचं आतडं चोथा पचवणारं, गोडानं बिघडतं. दूध-पोळी तर नकोच नको. सोबत समुद्रफेसाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे माकुलाच्या अंगातलं ते पांढरं हाड. कॅल्शियम हवं तेव्हा पिल्लू ते कुरतडतं. आणि अधूनमधून हनुवटीपर्यंत येणाऱ्या कोमट पाण्यात बसवायचं. तिथे ते तोंड बुडवून पोटभर पाणी पितं.

हिवाळ्यात तर गंमतच! मूळ मुलखात ही कासवं थंडीत जमिनीत शिरून झोपतात. जर्मनीत पुष्कळ लोक त्यासाठी चक्क फ्रिज वापरतात. ५ अंशांच्या आसपास थंडी ठेवायची. गोठवणारी थंडी डोळे निकामी करू शकते आणि दहाच्या वर गेलं की झोपमोड होते. त्याआधी काही आठवडे खाणं बंद, कारण पोटात अन्न राहिलं तर ते सडतं. मध्येमध्ये दार उघडून ताजी हवा द्यायची आणि वजन तपासायचं.

या कासवांना कागदपत्रंही लागतात! जर्मनीत पोटाकडच्या नक्षीचा फोटो ओळख म्हणून लावता येतो, कारण ती नक्षी प्रत्येकाची वेगळी. रानातून पकडून आणलेली कासवं विकली जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप. आपल्याकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तरी ते चोरून विकलं जातं. कुठे दिसलं, तर घरच्या मोठ्या माणसांना सांगा. महाराष्ट्रात वनविभागाचा फोन क्रमांक आहे १९२६.