दारातली रेती, नालीतला पूर

जोराची सर येऊन गेली की पांढुर्ण्यात किंवा सौंसरात बांधकाम चालू असलेल्या एखाद्या घरापुढे थांबून पाहावं. रस्त्यावर उतरवलेल्या रेतीच्या ढिगाचा पायथा खचलेला असतो. तिथून रेतीचा ओघळ निघतो आणि रस्त्याच्या कडेकडेने नालीत उतरतो. नालीत फावडं घातलं तर तळाशी अर्धा फूट रेती लागते. दोन फूट खोल नालीत अर्धा फूट रेती म्हणजे पाव नाली गेली, आणि उतार मोडला तो वेगळाच.

घरात पाणी शिरलं की आपण पावसाला बोल लावतो. पावसाचा हिशेब तर सरळ आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. तिथे वावर होतं तेव्हा यातलं बरंचसं मुरायचं; आता जवळजवळ सगळंच नालीत धावतं. नाली किती मोठी हवी हे ठरवताना अभियंता तीन गोष्टी धरतो: क्षेत्र केवढं, पाऊस किती जोराचा आणि त्यातलं किती पाणी वाहून येणार. पण हे गणित मोकळ्या नालीचं असतं. रेतीने भरलेल्या, वर ओटा बांधून झाकून टाकलेल्या नालीला ते लागू पडत नाही.

रेती जड, ती नालीतच बसते. पाया खोदताना निघालेल्या काळ्या मातीचं तसं नाही. तिचे कण इतके बारीक की तासन्‌तास पाण्यात तरंगतात आणि थेट जाम नदीत जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला पांढुर्णा आणि सावरगावची माणसं याच पात्राशी जमतात. त्या वेळी पाण्याचा रंग नीट पाहा. जाम पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी नागपूर पितं. तिसरी गोष्ट सिमेंटची. मिक्सर धुतलेलं पाणी नालीत सोडलं की त्यातलं सिमेंट तिथेच थिजतं. मग फावडं चालत नाही, छिन्नी लागते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर त्यात आलं. जिल्ह्याचं ठिकाण झालं की कचेऱ्या येतात, लेआउट पडतात, रस्ते होतात. नागपूरला आता जुन्या वस्तीत जागा शोधत नाले रुंद करावे लागतात. आपल्याकडे नाल्याकाठची जागा अजून पुष्कळ ठिकाणी मोकळी आहे. ती मोजून, आखून आत्ताच राखली पाहिजे. याहून स्वस्त पूरनियंत्रण दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

बांधकामाच्या मलब्याने नाली अडता कामा नये, हे केंद्राच्या 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. नगरपालिकेनं बांधकामाची परवानगी देतानाच ढीग कुठे पडणार हे विचारावं. नालीतून काढलेला गाळही त्याच दिवशी उचलावा; काठावर वाळत ठेवला तर पहिल्याच सरीत तो परत नालीत जातो. जुन्या सिमेंट रस्त्यावर नवा थर चढवणंही थांबावं. रस्ता वीतभर उंच झाला की शेजारची घरं तेवढीच खाली जातात.

यंदा घर बांधणार असाल तर रेतीची पहिली ट्रॉली येण्याआधी एवढं करा. ढीग प्लॉटच्या आत, नालीपासून दूर घ्या. नालीच्या बाजूने रेती भरलेल्या पोत्यांची एक ओळ लावा आणि ढिगावर ताडपत्री टाका. ट्रॉली आत येते तिथे गिट्टी पसरा, म्हणजे चाकांची माती रस्त्यावर येणार नाही. प्लॉटच्या सखल कोपऱ्यात एक खड्डा खोदा. गढूळ पाणी आधी त्यात थांबू द्या, मगच नालीत सोडा.