मॉर्फिन आणि मेंदू : कुटुंबीयांनी काय ओळखावे?

कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे अत्यंत उपयुक्त औषध होय. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे दुर्मिळ झालेल्या या औषधाची वाट २०१४ च्या दुरुस्तीने सुकर केली.

आरंभीची सौम्य गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र हातापायांना अचानक झटके बसणे, असंबद्ध बोलणे, नसलेली माणसे दिसणे ही लक्षणे निराळी. मॉर्फिनपासून यकृतात तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड दुर्बल झाले, की ती साचून मेंदूला बाधतात. ही लक्षणे म्हणजे व्यसन नव्हे आणि प्रत्येक वेळी अखेरही नव्हे. मात्रा घटवून, शरीरातील पाणी भरून काढून अथवा फेंटानिलसारखे औषध योजून डॉक्टर ती बहुधा आटोक्यात आणू शकतात.

पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील अनेक घरांत कारखान्याच्या पाळीनुसार रुग्णाजवळचे माणूस बदलते. म्हणून मात्रा, वेळ व लक्षणे एकाच वहीत नोंदवावीत. औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना त्वरित कळवावे. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल वा श्वास मंदावला असेल, तर पुढील मात्रा न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.