उघड्या दरडीवरचे संगोपन

महाराष्ट्राच्या पठारी भागात ओढ्यांच्या कोरलेल्या दरडी आणि डोंगरकपारी यांच्या आश्रयाने राहणारे शृंगी घुबड घरटे असे बांधतच नाही. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात मादी कपारीतल्या किंवा झुडपाच्या आडोशाच्या उघड्या मातीवरच बहुधा तीन-चार, पिवळसर पांढरी व जवळजवळ गोल अंडी घालते, आणि तीच जागा ही जोडी वर्षानुवर्षे वापरते. अंडी उबायला सुमारे 33 दिवस लागतात. त्या काळात मादी जागा सोडत नाही, आणि तिला भक्ष्य आणून देण्याचा भार नरावर असतो.

सगळी अंडी घालून होण्याची वाट न पाहता मादी उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले अंतराअंतराने बाहेर येतात, आणि एकाच कपारीत मान वर काढून बसलेले थोरले व त्याच्या पोटाशी दडलेले धाकटे अशी उतरंड दिसते. भक्ष्य मुबलक असले तर सगळी वाढतात, टंचाई झाली तर धाकट्यावर आधी गदा येते. हे निर्दय वाटले, तरी पुढचा हंगाम कसा जाईल हे ठाऊक नसलेल्या पक्ष्याचा हा हिशेब चोखच म्हणावा लागेल.

भक्ष्यातील न पचलेले केस व हाडे घुबड गोळीच्या रूपात ओकून टाकते. अशी सुकलेली, करड्या घोंगडीच्या तुकड्यासारखी गोळी बोटांनी उकलली, की शेतातल्या उंदराचा जबडा आणि त्यातला वाकडा, नारिंगी दात हाती लागतो. ज्याच्या पिकाची अशी राखण होते, त्याच्याच घरी या पक्ष्याला अपशकुनी ठरवले जाते.

पिल्लांची पांढरी लव दोनेक आठवड्यांनी जाऊन तिच्या जागी ठिपकेदार पिसे येऊ लागतात, आणि उडता येण्याआधीच ती चालत कपारीबाहेर पडून दगड-झुडपांत विखुरतात. असे पिल्लू पडलेले समजून उचलून नेणे, हा माणसाच्या दयेचा सर्वांत घातक प्रकार होय, कारण त्याचे पालक जवळच असतात. कोणी फार जवळ गेले, की पिल्लू पंख छत्रीसारखे पसरून, चोच कटकट वाजवत फुसकारते, तर मोठा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करून माणसाला दूर नेऊ पाहतो.

आईबापांचा आधार पिल्लांना जवळजवळ 6 महिने लागतो. म्हणजे फेब्रुवारीत अंड्यातून निघालेले पिल्लू, दरडीवर पावसाळी गवत माजले तरी, तिन्हीसांजेला भक्ष्याची वाट पाहत असते.