थेंबांचा बंदोबस्त

बसवनगुडीतील दर्शिनीपुढे उभ्याउभ्या ‘बाय टू’ कॉफी घेणाऱ्या, आणि पेल्यातून वाफ निघत नसेल तर तो परत करण्याचा हक्क आपणांस वंशपरंपरेने लाभला आहे असे मानणाऱ्या बंगळूरकराने, रात्रभर गार पाण्यात मुरलेल्या काळ्या कॉफीस पेयाचा दर्जा द्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. मीही करीत नव्हतो. परंतु ज्या बाबा बुडनगिरीवर सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आल्याची आख्यायिका आहे, त्या डोंगराकडील अरेबिकाचे हे शीत रूप एका उन्हाळ्यात चाखले, बाटलीवरील किंमत वाचली, आणि ते घरीच करण्याची तजवीज आरंभिली.

कढत पाणी जे काम चार मिनिटांत उरकते त्यास गार पाणी रात्र लावते. (बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच असल्यामुळे येथील ‘उकळते’ पाणीही 97 अंशांचेच.) कारण विद्राव्यतेचे, असे प्रथम वाटते; कॅफीन उकळत्या पाण्यात लिटरला सहाशे ग्रॅमांहून अधिक विरघळते, तर 25 अंशांच्या पाण्यात जेमतेम वीसेक. पण पेलाभर कॉफीत कॅफीन असते ते ग्रॅमच्या दशांशाच्या आसपास. तेव्हा अडचण जागेची नसून वाहतुकीची आहे. कणाच्या गाभ्यातून द्रव्य बाहेर झिरपण्याची क्रिया थंडाव्यात मंदावते, आणि उष्णतेची ही उणीव वेळेने भरून काढावी लागते. बरणीत कॉफी भिजत घालून बारा-चौदा तासांनी मलमलीतून गाळणे ही झाली सोपी रीत. थेंबाथेंबाने पाणी सोडले तर भुकटीस सतत कोरे पाणी मिळते व पाच तासांतही भागते.

मला अर्थातच अवघड रीत हवी होती. पाण्याच्या बाटलीचे बूड कापून ती उलटी टांगली, झाकणात सलाईनची नळी बसवली, आणि खाली दक्षिणी फिल्टरच्या वरच्या भांड्यात, लापशीच्या रव्याइतकी भरड दळलेली 60 ग्रॅम कॉफी घातली. (मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, म्हणून दुकानात ‘प्युअर’ असे निक्षून सांगावे.) वीस थेंबांचा एक मिलिलिटर, मिनिटाला 40 थेंब, म्हणजे 600 मिलिलिटर पाणी पाच तासांत उतरावे. सात तासांनी पाहतो तो चतुर्थांश पाणी वरच! पातळी उतरे तसा दाब घटे, आणि थेंब आळसावत.

यावरचा तोडगा सतराव्या शतकातील फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एद्म मारिओत याच्या नावाने प्रसिद्ध आहे. नवी, अखंड बाटली सरळ ठेवली, बुडाजवळ भोक पाडून तेथे नळी बसवली, आणि घट्ट झाकणातून एक स्ट्रॉ बुडापासून दोन बोटे वर येईल इतकी आत सोडून फटी बुजवल्या. आता हवा आत येईल ती स्ट्रॉच्या खालच्या टोकातूनच. म्हणून त्या टोकाशी दाब सदैव बाहेरच्या हवेइतका राहतो, आणि पाणी त्या टोकापर्यंत उतरेतो थेंबांची चाल बदलत नाही. मध्यरात्री उठून मोजले: मिनिटाला 40. घरच्यांचा अभिप्राय येथे नोंदवीत नाही.

ही कॉफी आम्लरहित असते, ही समजूत मात्र निराधार ठरली आहे. फिलाडेल्फियाच्या नायनी राव व मेगन फुलर यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत गार व कढत कॉफीचा पीएच सारखाच, 4.85 ते 5.13 च्या दरम्यान, आढळला. कढत कॉफीत आम्लांचे एकूण प्रमाण तेवढे अधिक. इतक्या सौम्य आम्लतेने जंतूंना पुरता अटकाव होत नाही. तेव्हा नळी औषधाच्या दुकानातून कोरीच आणावी, आणि उतरलेली कॉफी लागलीच फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावी.